अंगणातले आणि तळ्याकाठचे जीव : छायाचित्रणाविषयी वाचकांचे प्रश्न

परसबागेत आणि घराजवळच्या तळ्यावर दिसणाऱ्या पक्ष्या-कीटकांची छायाचित्रे काढताना येणाऱ्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. बहुतेकांनी कॅमेऱ्याविषयी विचारले आहे. उत्तरे लिहिताना मात्र मला पुन्हा पुन्हा त्या त्या जिवाच्या सवयींकडे वळावे लागले, कारण चांगल्या छायाचित्राची बरीचशी तयारी कॅमेरा हातात घेण्याआधीच, नुसते पाहत बसण्यात होत असते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आमच्या अंगणातील जास्वंदीवर रोज सकाळी शिंजिराची जोडी येते. माझ्याकडे साधा डीएसएलआर कॅमेरा आणि ५५-२५० मिमीची लेन्स आहे. नर निळा-जांभळा चमकताना डोळ्यांना दिसतो, परंतु छायाचित्रात तो काळा ठिपका होतो आणि बहुतेक वेळा हललेला असतो. लेन्स बदलावी का? — एक वाचक, सातारा

उत्तर : लेन्स बदलण्याची गरज नाही. आपल्याला दोन वेगळ्या अडचणी येत आहेत आणि त्या वेगवेगळ्या सोडवाव्या लागतील.

पहिली अडचण काळेपणाची. शिंजिराच्या नराची झळाळी ही रंगद्रव्याची नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची असते. त्यामुळे प्रकाश, पक्षी आणि पाहणारा यांचा कोन जुळला तरच ती दिसते, आणि पक्ष्याने मान किंचित वळवली तरी ती विझते. सूर्य आपल्या पाठीशी असेल अशा जागी आपण बसला नसाल, तर कितीही महाग लेन्स घेतली तरी नर काळाच येईल. आपली जास्वंद अंगणाच्या कोणत्या बाजूला आहे, सकाळी सात ते नऊ या वेळात तिच्यावर ऊन कोणत्या दिशेने पडते, हे दोन दिवस कॅमेरा न घेता पाहावे आणि मग खुर्चीची जागा ठरवावी. त्यातच पक्ष्यामागे उजळ आकाश असेल, तर कॅमेऱ्याचा मापक आकाशाच्या उजेडाला फसून संपूर्ण चित्र अंधारे करतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-अधिक करण्याची सोय, एक ते दीड टप्पा अधिककडे न्यावे. त्याहून चांगला उपाय म्हणजे आकाशाऐवजी मागे सावलीतली भिंत किंवा दूरची झाडी येईल अशी बैठक निवडणे.

दुसरी अडचण हललेल्या चित्रांची. लेन्स २५० मिमीवर असताना शटर स्पीड किमान १/५०० सेकंद असला, तर आपल्या हाताचा कंप दिसत नाही. परंतु शिंजीर एका जागी क्षणभरही ठरत नाही, म्हणून त्याच्यासाठी १/१००० किंवा त्याहून जलद वेग ठेवावा. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ८०० किंवा १६०० पर्यंत न्यावा लागला तरी संकोच करू नये. थोडे रवेदार पण स्पष्ट चित्र पुढे सुधारता येते, हललेले चित्र मात्र कोणत्याही उपायाने सुधारत नाही.

आता त्याच्या सवयीविषयी. शिंजीर फुलापुढे तरंगण्यापेक्षा देठावर किंवा शेजारच्या फांदीवर बसून मध पिणे अधिक पसंत करतो, आणि जास्वंदीसारख्या मोठ्या फुलाच्या तोंडातून न जाता पुष्कळदा त्याच्या बुडाशी चोच खुपसून छिद्र पाडतो. म्हणून नजर फुलाच्या पाकळ्यांकडे न ठेवता बुडाकडे ठेवावी. एकदा तो आला की पुन्हा त्याच फुलांच्या फेरीवर येतो. त्याच्या मागे कॅमेरा फिरवत बसण्यापेक्षा ज्या फुलावर ऊन चांगले पडले आहे त्याच्या बुडावर आधीच फोकस साधून थांबावे. विणीचा हंगाम सरल्यावर जांभळ्या शिंजिराच्या नराचा झळाळता वेष उतरतो आणि मादीसारख्या मळकट-पिवळ्या अंगावर गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा उरतो. त्या दिवसांत तो नाहीसा झाला असे समजू नये. तोच पक्षी आपल्यासमोर असतो, आणि त्या उतरत्या वेषाची छायाचित्रे फार थोडे लोक काढतात.

प्रश्न : गावातील तळ्यावर वंचक, खंड्या, बगळे, टिबुकली नेहमी दिसतात. परंतु पन्नास पावलांवर पोहोचण्याआधीच सगळे उडतात, आणि बांधावरून उभ्याने काढलेली चित्रे सपाट वाटतात. पांढऱ्या बगळ्याची तर पिसेही दिसत नाहीत. — एक निवृत्त शिक्षक, बारामती तालुका

उत्तर : आपल्या पत्रातले 'उभ्याने' हा एकच शब्द जवळजवळ सर्व अडचणींचे कारण सांगतो. पाण्याजवळच्या पक्ष्यांना आकाशाच्या पार्श्वभूमीवर हलणारी उभी आकृती फार लांबून खुपते. तीच व्यक्ती बांधाखाली, गवताच्या उंचीला, आधीपासून बसलेली असली तर काही वेळाने ते तिला तळ्याचा भाग मानू लागतात. पक्ष्यांपर्यंत जाण्याचा विचार सोडून पक्षी आपल्यापर्यंत येतील असे बसणे, हाच तळ्यावरचा खरा मार्ग आहे. उजाडण्यापूर्वी पोहोचावे, सूर्य पाठीशी येईल असा पूर्वेकडचा काठ धरावा, मळकट रंगाचे कपडे घालावेत आणि पहिला अर्धा तास कॅमेऱ्याला हात लावू नये. जवळ सरकावेच लागले तर पक्ष्यावर नजर रोखून सरळ चालत जाऊ नये. तिरके, थांबत थांबत, वाकून सरकावे, आणि पक्ष्याने खाणे थांबवून मान ताणली की तिथेच बसावे. ताणलेली मान हा त्याने दिलेला इशारा असतो. त्यापुढचे एक पाऊल म्हणजे उडालेला पक्षी.

बसून काढण्याचा दुसरा लाभ चित्रात दिसतो. लेन्स पाण्याच्या पातळीजवळ आणली की पक्ष्याच्या डोळ्याला आपला डोळा भिडतो, मागचे पाणी आणि पलीकडचा काठ दूर जाऊन धूसर होतो, आणि पक्षी त्यातून उठून दिसतो. आपल्याला जाणवलेला सपाटपणा वरून खाली पाहिल्यामुळे आला आहे, कारण त्या कोनातून पक्ष्यामागे लगेच चिखल किंवा पाणी येते. जमिनीजवळ तिवई अडचणीची होते; जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात ज्वारी भरावी आणि तिच्यावर लेन्स टेकवावी. पावसाळ्यात ज्वारी ओलसर होऊन कुजते, तेव्हा थर्मोकोलचे मणी भरावेत.

बगळ्याची पिसे न दिसण्याचे कारण सातारच्या वाचकांच्या अडचणीच्या अगदी उलट आहे. गडद पाण्यासमोर पांढरा पक्षी आला की कॅमेरा पाण्याकडे पाहून उजेड वाढवतो आणि पांढऱ्या भागातला तपशील जळून जातो. एक्स्पोजर एक टप्पा उणे करावे, पडद्यावर हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आपटत नाही ना हे पाहावे, आणि सकाळी नऊनंतर बगळ्याचा नाद सोडावा. दुपारी तापलेल्या पाण्यावरची हवा थरथरत असते, त्यामुळे लांबून घेतलेले कोणतेही चित्र तेव्हा स्पष्ट येत नाही; दोष लेन्सचा नसतो.

वंचकाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आपल्या तळ्यांवर तो सर्वांत सहज भेटतो आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. काठावर मान आखडून बसलेला वंचक चिखल आणि वाळके गवत यांच्यात इतका मिसळतो की तो उडाल्यावरच दिसतो, आणि उडताच त्याचे पांढरेशुभ्र पंख उघडतात. बसलेला आणि उडणारा, एकच पक्षी दोन पक्ष्यांसारखा भासतो. पावसाच्या तोंडाशी, विणीच्या काळात, त्याच्या पाठीवर गडद तांबूस-मरून पिसे येतात आणि मान फिकट पिवळसर होते. तेव्हाच्या ढगाळ, सौम्य उजेडात तो जसा दिसतो तसा भर उन्हात कधीच दिसत नाही. मासा धरण्याआधी तो मान हळूहळू पुढे ताणतो. ती हालचाल सुरू झाली की सलग चित्रे घेण्यास सुरुवात करावी. चोच पाण्यात गेल्यावर बटण दाबले तर फक्त तुषार मिळतात.

खंड्या ठरलेल्या बैठकीवरून मासेमारी करतो आणि परत तिथेच येतो, म्हणून त्याची काठी शोधणे हे निम्मे काम. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत तरंगणारा काळा-पांढरा कवड्या खंड्या दिसला, तर उडत्या पक्ष्याचे चित्र काढण्याची ती सर्वांत सोपी संधी समजावी.

एक सूचना मात्र कळकळीने करतो. फेब्रुवारीपासून पुढे तळ्याच्या कोरड्या काठावर टिटवी अंडी घालते. घरटे म्हणजे जमिनीवरचा उथळ खळगा, आणि अंडी खड्यांसारखीच. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर ती आपल्यासाठी ओरडत आहे असे समजून आल्या वाटेने, पायांखाली पाहत मागे फिरावे. वैशाखाच्या उन्हात टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांना गारवा देते. तिला अर्धा तास दूर ठेवले तर आतला जीव उन्हाने मरू शकतो. काही वर्षांपूर्वी एका चांगल्या चित्राच्या हव्यासाने मी अशा जागी गरजेपेक्षा जास्त वेळ थांबलो होतो. ते चित्र मी आजवर कुठेही छापायला दिलेले नाही. खंड्याची बिळे असलेल्या मातीच्या उभ्या कड्यासमोरही बैठक मांडू नये, कारण तोंडात मासा घेऊन आलेला पक्षी आपण असेपर्यंत बिळात शिरत नाही.

आणि एकट्याने जाऊ नये. तळ्याचा गाळ वरून कोरडा दिसला तरी खाली खोल असतो. काठाच्या गवतात बूट घालूनच बसावे; पाण्यात पोहणारा ठिपकेदार साप बहुधा बिनविषारी पाणदिवड असतो, पण गवतात घोणसही असू शकते.

प्रश्न : आमच्या बाल्कनीतील कुंडीत बुलबुलाने घरटे केले आहे. पिल्ले बाहेर आली आहेत, पण मध्ये पाने येतात. थोडी पाने छाटून चित्रे काढली तर चालेल का? — एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : नाही. एकही पान छाटू नये, बांधू नये, बाजूलाही करू नये. ती पाने म्हणजे त्या घरट्याचे छप्पर आणि लपण, दोन्ही आहेत. कावळा, भारद्वाज आणि मांजर यांना आतापर्यंत घरटे सापडलेले नाही ते त्या पानांमुळेच. शिवाय दुपारच्या उन्हात उघड्या पडलेल्या पिल्लांना सावली उरत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे समाविष्ट आहे, हेही आपल्याला ठाऊक असावे. कायदा नसता तरी माझे उत्तर हेच राहिले असते.

बुलबुलाची पिल्ले जेमतेम दोन आठवड्यांत घरटे सोडतात. बाल्कनीचे दार बंद ठेवून काचेआडून, खोलीतील दिवे मालवून, लेन्स काचेला जवळजवळ टेकवून चित्रे काढावीत. काच हाच आपला आडोसा. फ्लॅश वापरू नये. पिल्लांना पिसे फुटल्यावर तर अधिकच सांभाळावे, कारण त्या अवस्थेत कोणी जवळ आले की उडता येण्याआधीच ती भीतीने घरट्याबाहेर उड्या टाकतात. खरे सांगायचे तर घरट्यातल्या पिल्लांपेक्षा चोचीत अळी घेऊन शेजारच्या दोरीवर थांबलेले, आजूबाजूला पाहून मगच घरट्याकडे वळणारे आई-बाप अधिक चांगले चित्र देतात, आणि त्यांच्यामध्ये पानेही येत नाहीत.

प्रश्न : फुलपाखरे स्थिर बसत नाहीत. ती काही मिनिटे फ्रिजमध्ये ठेवली की मंद होतात आणि सावकाश चित्रे काढता येतात, असे एका छायाचित्रकाराने सांगितले. हे योग्य आहे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हे अयोग्य आहे. पकडताना पंखांवरचे खवले झडतात, थंडीने गारठलेले फुलपाखरू बाहेर ठेवल्यावर सरड्याला किंवा मुंग्यांना सहज सापडते, आणि गारठलेल्या फुलपाखराची बसण्याची ढबही खोटी असते. जाणकाराला ती चित्रात लगेच ओळखू येते.

निसर्ग हीच सोय आपल्याला रोज सकाळी फुकट करून देतो. फुलपाखराला उडण्याआधी अंग तापवावे लागते, म्हणून कोवळ्या उन्हात ती पंख पसरून पानांवर बसून राहतात. हिवाळ्यात हा वेळ अधिक लांबतो. पंख मिटून बसलेल्या फुलपाखराला कॅमेरा त्याच्या पंखांशी समांतर धरावा, म्हणजे संपूर्ण पंख एकाच पातळीत स्पष्ट येतो. थोडा जरी तिरका धरला तरी एक कड अस्पष्ट होते. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये, कारण सावलीचा स्पर्श होताच ते उडते. मोबाइल असेल तर झूम न करता जवळ जावे; अंकीय झूम म्हणजे केवळ चित्र कापणे.

परंतु फुलपाखरांच्या मागे धावण्यापेक्षा त्यांना घरी बोलावणे मला अधिक आवडते. कुंडीत कढीपत्ता किंवा लिंबू लावा. त्यांच्या कोवळ्या पानांवर लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरे एकेक अंडे घालतात, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले ब्ल्यू मॉरमॉनही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते. कढीपत्त्यावरची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. शेवटची कात टाकल्यावर तीच हिरवीगार होते, आणि डिवचले की डोक्यामागून उग्र वासाचे, दुभागलेल्या शिंगासारखे इंद्रिय बाहेर काढते. ते पाहण्यासाठी तिला मुद्दाम डिवचू नये. मुंग्या आणि माश्या हे काम पुरेसे करतात. रस्त्याकडेच्या रुईवर प्लेन टायगरच्या पट्टेदार अळ्या मिळतात, आणि कुंडीतल्या पानफुटीच्या जाड पानात आतून पोखरत जाणारी रेड पिएरोची अळी असू शकते. कढीपत्ता खाल्ला म्हणून अळ्या वेचून टाकणाऱ्या घरांत फुलपाखरू येत नाही. आमटीला पुरेल एवढा पाला झाड तरीही देते.

कोशाचे चित्र दर दिवशी त्याच जागेवरून, त्याच वेळी घ्यावे. कोश गडद होऊन आतल्या पंखांची नक्षी बाहेरून दिसू लागली की दुसऱ्या दिवशी पहाटेच आसन मांडावे, कारण फुलपाखरू बहुधा सकाळीच बाहेर येते. बाहेर आल्यावर त्याचे पंख चुरगळलेल्या कापडासारखे असतात आणि ते उलटे लोंबकळत त्यांत द्रव भरत असते. पंख पुरते ताठ होईपर्यंत फांदीला धक्का लागू देऊ नये. त्या वेळी खाली पडलेल्या फुलपाखराचे पंख वेडेवाकडे सुकतात आणि ते कधीच उडू शकत नाही.

प्रश्न : दयाळ पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवला की तो लगेच समोर येतो. यात काही गैर आहे का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : तो गाणे ऐकायला येत नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला आहे असे समजून तो भांडायला येतो, आणि प्रतिस्पर्धी न सापडल्यामुळे पुन्हा पुन्हा येत राहतो. उन्हाळ्यात, जेव्हा मादीला आणि पिल्लांना त्याची गरज असते, तेव्हा त्याचा वेळ आणि बळ आपण असे वाया घालवतो. दयाळ पहाटे उंच जागेवर स्वतःहूनच गातो. ती जागा बहुतेक रोज एकच असते, मग आवाज वाजवण्याची गरजच उरत नाही.

प्रश्न : मी तीन वर्षे घराजवळच्या तळ्यावर चित्रे काढत आहे. हजारो चित्रे संगणकात पडून आहेत. त्यांचा काही उपयोग होऊ शकतो का? आणि कोकणातल्या पावसाळ्यात लेन्समध्ये बुरशी धरते, त्यावर काय करावे? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बुरशीविषयी आधी सांगतो. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत कॅमेरा ठेवण्याची सवय सोडावी, कारण ती पिशवीच दमट होते. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मापक ठेवावे, आणि आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास राखावी. जेलने रंग बदलला की तो तापवून पुन्हा वापरता येतो. लेन्स आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरावी. बंद आणि अंधाऱ्या जागी पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लवकर गाठते.

आता चित्रांविषयी. एकाच तळ्याची तीन वर्षांची सलग चित्रे ही दूरच्या अभयारण्यात एकदा जाऊन काढलेल्या शंभर चित्रांपेक्षा मला अधिक मोलाची वाटतात. पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्डवर आणि फुलपाखरे, चतुर, बेडूक यांच्या नोंदी आय-नॅचरलिस्टवर, अशा या दोन संकेतस्थळांवर देता येतात. अभ्यासक त्या वापरतात, आणि आपण ओळखू न शकलेला जीव दुसरे कोणी ओळखून देते. दरवर्षी फेब्रुवारीत परसबागेतील पक्ष्यांची जागतिक गणना होते. महाराष्ट्रात मारुती चितमपल्ली आणि सालीम अली यांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. हिवाळी पाहुणे तेव्हा नुकतेच तळ्यांवर पोहोचलेले असतात, म्हणून नोंदींची सुरुवात करण्यास तो आठवडा फार चांगला आहे. घरट्याची किंवा दुर्मीळ जिवाची नेमकी जागा मात्र समाजमाध्यमांवर उघड करू नये आणि मोबाइलच्या चित्रात आपोआप नोंदले जाणारे ठिकाण काढून टाकावे.

जुन्या चित्रांपासून सुरुवात करताना सर्वांत आधी कॅमेऱ्याचे घड्याळ तपासावे. आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबर येणारा चातक आपल्या तळ्यावर पहिल्यांदा कोणत्या दिवशी दिसला, हे त्या चित्रावरच्या तारखेवरूनच कळणार आहे. बॅटरी बदलताना घड्याळ चुकीच्या वर्षावर गेले असेल, तर घरातल्या एखाद्या समारंभाची त्याच काळात काढलेली चित्रे शोधावीत. समारंभाची खरी तारीख आपल्याला ठाऊक असते, तिच्यावरून किती दिवसांचा फरक पडला आहे ते निघते आणि तेवढाच फरक तळ्यावरच्या सर्व चित्रांच्या तारखांत दुरुस्त करता येतो.